परवडणारा वर्ड प्रोसेसर, म्हणजे कुणाला परवडणारा?

सॉफ्टवेअरसोबत जी मदतपुस्तिका येते, ती कशात लिहावी? प्रश्न रुक्ष आहे आणि त्याचं नेहमीचं उत्तर त्याहून रुक्ष: एक तक्ता. डाव्या रकान्यात सॉफ्टवेअरचं नाव, उजव्या रकान्यात वर्षाची किंमत आणि शेवटी ‘लिब्रेऑफिस फुकट आहे, तेच घ्या’ असा शेरा. जिथे एकेका लायसन्सचा हिशोब द्यावा लागतो, अशा छोट्या कंपन्यांत हा तक्ता बनवायचं काम बहुधा सगळ्यांत नव्या इंजिनिअरकडे येतं. मीही असे तक्ते बनवले आहेत. त्यांत आकडे बरोबर असतात, पण जे मोजायला हवं ते मोजलेलं नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: किंमत सॉफ्टवेअरची काढू नका, एका वाक्याच्या दुरुस्तीची काढा. मदतपुस्तिकेतलं एक वाक्य चुकीचं आहे हे आज कुणाला तरी कळलं. ते बरोबर होऊन अडलेल्या माणसापर्यंत पोचायला किती हात लागतात, किती दिवस लागतात आणि दहा वर्षांनंतर ते वाक्य उघडता तरी येईल का? या हिशोबानं पाहिलं की फुकटची अवजारं कधी महाग निघतात, आणि महागातलीही प्रत्येक वेळी वाया जात नाहीत.

वर्ड प्रोसेसर आणि मदतपुस्तिका यांचं नातं जुनं आहे. १९७६मध्ये कॅलिफोर्नियातल्या मायकेल श्रेयर या माणसानं ‘इलेक्ट्रिक पेन्सिल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. घरगुती मायक्रोकॉम्प्युटरवर चालणारा पहिला वर्ड प्रोसेसर म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. श्रेयरला कादंबरी लिहायची नव्हती. त्यानं आधी दुसरं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं, त्याची माहितीपुस्तिका लिहायची होती आणि समोर कॉम्प्युटर असताना टाइपरायटर बडवायचा कंटाळा आला होता. म्हणजे ज्या वस्तूवर पुढे पत्रं, प्रबंध, सरकारी परिपत्रकं आणि लग्नपत्रिका तयार झाल्या, तिच्या मुळाशी ‘माझं सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे लोकांना सांगू कसं?’ हा प्रश्न होता.

त्याआधीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. नव्या पीडीपी-११ मशीनसाठी पैसे मंजूर करून घेताना त्यांच्या गटानं सांगितलं होतं, की त्यावर मजकूर तयार करण्याची व्यवस्था बनवू. ती त्यांनी खरंच बनवली आणि लॅबचा पेटंट विभाग ती वापरूही लागला. त्याच व्यवस्थेवर युनिक्सची पहिली मार्गदर्शिका तयार झाली. तिच्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१.

गद्य म्हणून ही मार्गदर्शिका मला आजही आवडते. प्रत्येक कमांडला साधारण एक पान, आणि प्रत्येक पानाचा साचा ठरलेला: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइली, आणखी काय पाहावं. मग एक मथळा येतो ‘बग्ज’, म्हणजे यात काय बिघडलेलं आहे. त्याखाली ‘ओनर’, म्हणजे हे कुणाचं आहे. आपल्या मालातली खोट छापील पुस्तिकेत स्वतःहून सांगायची आणि जबाबदार माणसाचं नावही द्यायचं, हे धैर्य आजच्या कितीशा मदतपुस्तिकांत दिसतं? आणि ते केवळ लेखकांच्या स्वभावातून आलेलं नव्हतं. साच्यातच तो मथळा होता. मोकळा मथळा समोर दिसला, की माणूस त्याखाली काहीतरी लिहितो. अवजार लेखकाला असं हळूच वळण लावतं.

आता आजची सरासरी मदतपुस्तिका उघडा. वर्डमध्ये लिहिलेली, पीडीएफ करून पाठवलेली. पहिल्या पानावर कंपनीचा लोगो, दुसऱ्यावर आवृत्त्यांचा इतिहास, तिसऱ्यावर कायदेशीर सूचना, मग चार पानं अनुक्रमणिका. बाराव्या पानावर वाक्य येतं: ‘सेव्ह बटण दाबल्यास माहिती सेव्ह होते.’ हे वाचणारा माणूस दुकानाच्या काउंटरवर उभा आहे, समोर गिऱ्हाईक ताटकळलंय, आणि तो फोनच्या स्क्रीनवर ए-फोर आकाराचं पान दोन बोटांनी मोठं करत डावीकडून उजवीकडे सरकवतोय. त्याला पुस्तक नको आहे. त्याला एकच उत्तर हवं आहे, तेही पानाच्या मधोमध कुठेतरी आहे.

वर्ड प्रोसेसरचा मूळ स्वभाव पानाचा आहे. समास, शीर्षटीप, पानाचा क्रमांक हे सगळं कागदावर छापायच्या वस्तूचं शरीर. मदतपुस्तिकेचा वाचक मात्र पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. तो सर्च करून थेट मधेच उतरतो. पान आणि प्रश्न यांच्यातली ही ओढाताण १९९०च्या दशकात अगदी विनोदी टोकाला गेली होती. विंडोजच्या तेव्हाच्या मदत-फाइली, एफ-१ दाबलं की उघडणाऱ्या, वर्डसारख्या वर्ड प्रोसेसरमधूनच तयार व्हायच्या. लेखक प्रत्येक विषय स्वतंत्र पानावर लिही आणि सुरुवातीला तळटिपा टाके. तळटिपेची खूण # असेल तर ती त्या विषयाची ओळख, $ असेल तर शीर्षक, ‘के’ हे अक्षर असेल तर सूचीतला शब्द. एखाद्या शब्दावर क्लिक करून दुसरीकडे जायचं, तर त्या शब्दाला दुहेरी अधोरेखा द्यायची आणि त्याला लागून लपवलेल्या अक्षरांत मुक्कामाचं नाव लिहायचं. मग हे सगळं कंपायलरमधून काढायचं. एक अधोरेखा चुकली की दुवा मेला.

तळटीप म्हणजे विद्वानांची सोय. तिला इथे प्रोग्रॅमिंगच्या कामाला जुंपलं होतं. यावर हसू येतं, पण त्या लेखकांना एक गोष्ट नेमकी कळली होती: मजकूर दिसतो कसा यापेक्षा तो आहे काय, हे फाइलमध्ये नोंदलेलं हवं. हे शीर्षक आहे, ही पायरी आहे, हा इशारा आहे. आज परवडणारं सॉफ्टवेअर निवडताना मी पहिल्यांदा हेच बघते.

ते बघायची एक सोपी युक्ती आहे. वर्डची किंवा लिब्रेऑफिस रायटरची फाइल ही खरं तर एक झिप असते. नावाच्या शेवटी झिप लिहा, उघडा, आत मजकुराची एक्सएमएल फाइल सापडेल. तुम्ही ‘हेडिंग १’ ही स्टाइल देऊन शीर्षक लिहिलं असेल, तर तिथे स्पष्ट नोंद असते की हे शीर्षक आहे. पण नुसतं ठळक करून, अक्षर मोठं करून शीर्षकासारखं दाखवलं असेल, तर आत फक्त एक परिच्छेद असतो. त्याचं रूप तेवढं सजवलेलं, ओळख कुठलीच नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण उद्या या पुस्तिकेची वेबसाइट करायची झाली, तर पहिलं आपोआप होतं आणि दुसरं कुणालातरी रात्रभर बसून करावं लागतं. तो खर्च तक्त्याच्या उजव्या रकान्यात कधीच नसतो.

आता एकेक उमेदवार घेऊ.

वर्ड सगळ्यांना येतं, ही त्याची सगळ्यांत मोठी कमाई. स्टाइल, आपोआप होणारी अनुक्रमणिका, बदलांची नोंद, आकृत्यांचे क्रमांक, सगळं त्यात आहे. दरवर्षी भाडं भरण्याची योजना आहे, एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्तीही आहे, आणि ब्राउझरमध्ये चालणारं फुकट रूपही आहे, सोयी थोड्या कमी असलेलं. माझी तक्रार किमतीबद्दल नाही. ठळक करायचं बटण समोर आणि शिस्त मात्र मेनूच्या पोटात, अशी वर्ड वापरायची सवय जगभर पडली आहे. शिवाय मोठी पुस्तिका अनेक फाइलींत विभागून एका मुख्य फाइलीत बांधायची वर्डची सोय इतकी बदनाम आहे, की अनुभवी लोक तिच्या वाटेला जात नाहीत.

गूगल डॉक्स दुरुस्तीत सगळ्यांत स्वस्त. चूक दिसली, लिंक उघडली, वाक्य बदललं, झालं. वाचकाकडे तीच लिंक असेल तर त्याला त्याच क्षणी नवं वाक्य दिसतं. दुसऱ्याच्या मजकुरात सूचना म्हणून बदल सुचवता येतो, जुनी आवृत्ती परत आणता येते. फोनवर वाचायला पानांच्या रेघा काढून टाकायची सोयही आहे. पण शीर्षकांच्या ठरलेल्या पायऱ्यांपलीकडे स्वतःच्या नावाची स्टाइल, समजा ‘इशारा’ किंवा ‘पायरी’, तिथे बनवता येत नाही. आणि फाइल एखाद्या माणसाच्या खात्यावर असते. तो नोकरी सोडून गेला आणि खातं बंद करताना फाइली कुणाच्या नावावर केल्या नाहीत, तर पुस्तिका त्याच्याबरोबर गेली. १९७१च्या त्या ‘ओनर’ मथळ्याखाली जबाबदारी होती. इथे ओनर म्हणजे फक्त पासवर्ड.

लिब्रेऑफिस रायटरची गोष्ट वेगळी. त्याचं मूळ जर्मनीतल्या ‘स्टारऑफिस’मध्ये. १९९९मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ते विकत घेतलं, २०००मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, आणि २०१०मध्ये स्वयंसेवकांनी वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशनखाली लिब्रेऑफिस सुरू केलं. पैसे लागत नाहीत हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची फाइल ज्या ओडीएफ प्रमाणात असते ते २००६पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ते कुणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

रायटरचा खरा गुण स्टाइल. परिच्छेदाची, अक्षरांची, यादीची आणि पानाचीसुद्धा. एफ-११ दाबा, यादी समोर. एकाच फाइलीत काही भाग अटीवर लपवता येतो: साध्या आवृत्तीच्या ग्राहकाला एक पुस्तिका, महागड्या आवृत्तीच्या ग्राहकाला दुसरी, मजकूर एकच. लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या मार्गदर्शिका स्वयंसेवक रायटरमध्येच लिहितात, एकेक प्रकरण वेगळ्या फाइलीत, ठरलेल्या टेम्पलेटवर, आणि त्या कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आपल्याच गिरणीचं पीठ खाणारा गिरणीवाला म्हणून मी याला मार्क देते.

पण पूर्ण मार्क नाही. रायटरमध्ये एफ-१ दाबलं की जी मदत उघडते, ती रायटरमध्ये लिहिलेली नाही. ती एका खास एक्सएमएल प्रकारात लिहिली जाते. पुस्तकासाठी वर्ड प्रोसेसर, अडलेल्या क्षणासाठी दुसरं काहीतरी, अशी कबुली खुद्द वर्ड प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच कृतीतून दिली आहे. मायक्रोसॉफ्टचंही तेच. त्यांची तांत्रिक मदत मोठ्या प्रमाणावर मार्कडाउन नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहिली जाते. रायटरच्या आणखीही उणिवा आहेत. नेहमीच्या, कॉम्प्युटरवर बसवलेल्या रायटरमध्ये दोघांना एकाच वेळी एका फाइलीत लिहिता येत नाही, आणि वर्डची फाइल इथे-तिथे फिरवली की तक्ते व क्रमांक हलतात.

मराठीत पुस्तिका लिहायची असेल तर आणखी तीन परीक्षा घ्या. पहिली, देवनागरीचा फॉन्ट. वर्ड आणि रायटर दोन्ही देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स’ लिपी मानतात आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपासून वेगळा ठेवतात. स्टाइलमध्ये फक्त इंग्रजीचा आकार बदललात तर ‘प्रिंटर’ लहान आणि त्याच्या शेजारचं इंग्रजी नाव मोठं असं बेढब शीर्षक मिळतं. फॉन्टला पैसे घालवायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ खुल्या परवान्यात मिळतात.

दुसरी परीक्षा ‘दुसऱ्या’ या शब्दाची. यातला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ‘दुसऱ्या प्रिंटरवर छापणे’ असं लेखकानं एका रीतीनं लिहिलं आणि वाचकाच्या कीबोर्डनं दुसऱ्या रीतीनं शोधलं, तर उत्तर समोर असून सापडेलच असं नाही. टीमनं एकच रीत ठरवावी आणि ‘शोधा व बदला’ वापरून सगळीकडे तीच ठेवावी. कुठलंही सॉफ्टवेअर हे तुमच्यासाठी आपणहून करत नाही.

तिसरी परीक्षा, पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. मात्रा, वेलांट्या जागेवर राहिल्या तर ठीक. विस्कटल्या, तर त्या पुस्तिकेत शोधता येईल यावर विसंबू नका, आणि तिचं वेब पान वेगळं काढा.

दहा वर्षांनंतरच्या वाक्याची काळजी मराठी माणसाला वेगळी समजवावी लागू नये. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली आपल्या किती कार्यालयांत आणि प्रकाशनांत पडून आहेत! त्यांत ‘क’ हा क म्हणून साठवलेलाच नव्हता. एखाद्या रोमन अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं होतं. फॉन्ट गेला की मजकुराची खिचडी. टाइप करताना ते स्वस्त होतं. बिल नंतर आलं, आणि ते फाइल उघडणाऱ्यानं भरलं.

हे सगळं वाचून माझ्यासारखे इंजिनिअर म्हणतील, मग साधा मजकूरच का नको? जॉन ग्रुबरनं २००४मध्ये मार्कडाउन आणलं, त्यात शीर्षकाला ओळीच्या सुरुवातीला एक # पुरतो. कुठल्याही एडिटरमध्ये उघडतं, पन्नास वर्षांनंतरही वाचता येईल, गिटमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. पायथन भाषेनं असंच केलं. तिची मार्गदर्शिका सुरुवातीपासून लेटेकमध्ये होती. ती पद्धत कागदावर देखणं छापण्यासाठी उत्तम. पण लोक छापून वाचायचे थांबले, ब्राउझरमध्ये वाचू लागले, आणि लेटेकचं वेब पान करण्यात फार श्रम जाऊ लागले. २००८च्या २.६ आवृत्तीपासून त्यांनी साध्या मजकुराची पद्धत घेतली, तिच्यासाठी स्फिंक्स हे अवजार घडवलं. ते आता जगभर वापरलं जातं.

मलाही हे आवडतं. पण पायथनच्या पुस्तिकेचे वाचक आणि लेखक दोघेही प्रोग्रॅमर आहेत. दुकानात बिलं करणाऱ्या सॉफ्टवेअरचं तसं नसतं. मी एका अशा टीममध्ये होते, तिथे मदतपुस्तिका मार्कडाउन आणि गिटमध्ये नेण्याचं वरून ठरलं. खर्च शून्य, रचना नेटकी, सगळे इंजिनिअर खूश. आमच्या सपोर्टमध्ये एक मॅडम होत्या, दिवसाला तीस-चाळीस फोन घेणाऱ्या. नवा प्रिंटर जोडला की बिल अर्धंच का छापलं जातं, हे आमच्यापैकी कुणाहीपेक्षा त्यांना आधी कळायचं, कारण त्यावर वैतागलेला आवाज त्यांच्या कानात असायचा. पूर्वी त्या वर्डच्या फाइलीत स्वतः ओळ टाकायच्या: ‘सेटिंगमध्ये जाऊन कागदाचा आकार पुन्हा निवडा.’ स्टाइल चुकलेली, रंग लाल, पण ओळ त्याच दिवशी पुस्तिकेत. नव्या पद्धतीत त्यांना ब्रँच, कमिट, रिव्ह्यू हे सगळं करावं लागणार होतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग त्या ओळी मेलवर पाठवू लागल्या. मेल कुणीतरी वेळ मिळेल तेव्हा बघायचं. काही महिन्यांत मेलही कमी झाले. पुस्तिका दिसायला सुंदर झाली आणि फोन तेवढेच राहिले. तीच पायरी मॅडम रोज दहा जणांना तोंडी सांगत होत्या.

त्या पद्धतीत लायसन्सचा खर्च शून्य होता. दुरुस्तीचा खर्च एवढा वाढला होता, की ज्या एकमेव व्यक्तीला दुरुस्ती माहीत होती तिला तो परवडेना.

म्हणून माझा कौल असा. प्रोग्रॅमरनी प्रोग्रॅमरसाठी लिहायचं असेल तर मार्कडाउन किंवा स्फिंक्स, दुसरा विचार नको. सामान्य वापरणाऱ्यांसाठी लिहायचं असेल आणि पैसे मोजके असतील, तर पुस्तिका लिब्रेऑफिस रायटरमध्ये ठेवा, पण एका अटीवर: टेम्पलेट आधी बनवा. त्यात पाचच स्टाइल ठेवा, शीर्षक, उपशीर्षक, पायरी, इशारा आणि साधा मजकूर, आणि बाकी सजावट बंद. मग पॅनडॉक घ्या. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं लिहिलेला हा फुकट प्रोग्रॅम रायटरच्या आणि वर्डच्या फाइलींची वेब पानं करून देतो, आणि खऱ्या शीर्षकांची शीर्षकं राखतो. वाचकाला फोनवर पीडीएफ देऊ नका, ते वेब पान द्या. कच्च्या ओळी गोळा करायला गूगल डॉक्सची एक सामायिक फाइल ठेवा, सपोर्टला उघडी. आठवड्यातून एकदा तिच्यातल्या ओळी पुस्तिकेत नेणं हे एका इंजिनिअरचं नेमून दिलेलं काम असू द्या. आणि ज्या ऑफिसात वर्ड आधीच घेतलेलं आहे, तिथे रायटरचा हट्ट धरू नका. तीच पाच स्टाइलची शिस्त वर्डमध्येही चालते, पॅनडॉक तिथेही चालतो.

टेम्पलेटमध्ये अजून एक गोष्ट घाला. प्रत्येक विषयाच्या शेवटी दोन मोकळे मथळे: ‘यात अजून काय बिघडतं’ आणि ‘विचारायचं कुणाला’. पहिल्या मथळ्याखालची जागा सपोर्टची. महिन्यानं तिथे काही लिहिलं गेलंय का ते बघा. जागा कोरीच असेल, तर सॉफ्टवेअर फुकट असो वा लाखाचं, निवड पुन्हा करायला हवी.